पावी २००३ : पार्करचे जवळजवळ शंभर आणि जॅन्सिस रॉबिन्सनचे २० पैकी १२, यात धरायचं कुणाचं?

प्रश्न असा आहे की लंडनला असलेल्या तुमच्या भावाने शातो पावी २००३ ची एक बाटली, म्हणजे फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या पावी या शातोची (वाईन बनवणाऱ्या घराण्याची) २००३ सालची रेड वाईन, आणून दिलीय, उघडायच्या आधी जरा वाचावं म्हटलं तर अमेरिकन वाईन समीक्षक रॉबर्ट पार्करने तिला जवळजवळ शंभर मार्क दिलेले दिसले आणि ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सनने २० पैकी १२, तर यात कुणाचं खरं मानायचं आणि बाटली आत्ता उघडायची की अजून ठेवायची. मी बरीच वर्षं नाशिककडे वाईन बनवण्याच्या कामात आहे, चाखणं आणि चाखलेलं लिहून ठेवणं हे रोजचंच, आणि पावी २००३ ची ही भानगड आमच्या धंद्यात प्रत्येकाला माहीत असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. बाटली उघडा, आता थांबू नका. आणि खरं कुणाचं म्हणाल तर दोघांनी लिहिलेलं नीट वाचलं की लक्षात येतं की दोघांच्या जिभेला जवळपास एकच वाईन लागली होती, फक्त सेंत एमिलियोंच्या रेड वाईनने कसं असावं याबद्दल दोघांची मतं टोकाची वेगळी होती आणि मार्कांमधला फरक तिथून आला. हे पटायला थोडं मागे जावं लागेल.

पावी हे बोर्डोतल्या दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीरावरचं, सेंत एमिलियों गावाजवळचं जुनं आणि मोठं घराणं. जवळपास ३७ हेक्टर द्राक्षबाग, दक्षिणेकडे उतरणारी टेकडी, वर चुनखडीचं पठार, मधे चिकणमातीचा उतार आणि खाली पायथ्याला हलकी जमीन. द्राक्ष मुख्यतः मर्लो, सोबत काबर्ने फ्रां आणि थोडी काबर्ने सोव्हिन्यों. १९९८ साली जेरार पेर्स यांनी हे घराणं व्हालेत कुटुंबाकडून विकत घेतलं. पेर्स यांनी पैसा सुपरमार्केटच्या धंद्यात कमावलेला, वाईनमधे आधी शातो माँबूस्के आणि मग पावी देसेस घेऊन झालेलं, आणि पावी हातात आल्यावर त्यांनी सगळं बदलायला घेतलं, नवीन तळघर, नवीन लाकडी टाक्या, वेलीवरचे घड काढून टाकून उत्पन्न मुद्दाम कमी ठेवणं, द्राक्ष एकदम पूर्ण पिकेपर्यंत वेलीवर राखणं, नवीन ओकची पिंपं, सल्लागार म्हणून मिशेल रोलां. (हेच रोलां आपल्याकडे बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वाईनरीचेही सल्लागार होते, त्यामुळे त्यांची स्टाईल भारतात बऱ्याच जणांनी नकळत चाखलेली आहे.) व्हालेतांच्या काळातली पावी हलकी, थोडी आंबटसर, नाजूक अशी ओळखली जायची, पेर्स आल्यावर ती काळीभोर, दाट आणि ताकदवान झाली. पार्करला हे प्रचंड आवडलं, २००० च्या पावीला त्याने पूर्ण १०० दिले. इंग्लंडच्या जुन्या मंडळींना मात्र हा बदल रुचला नव्हता. म्हणजे २००३ ची बाटली बनायच्या आधीच दोन तट पडलेले होते.

आणि मग आलं २००३ चं वर्ष. त्या उन्हाळ्यात युरोपात जी उष्णतेची लाट आली तिच्यात एकट्या फ्रान्समधे साधारण १५,००० माणसं दगावली, ऑगस्टमधे बोर्डोत पारा ४० च्या आसपास. द्राक्षाच्या दृष्टीने दिवसाच्या उन्हापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे रात्री थंड झाल्या नाहीत. आपल्याकडे नाशिक दिंडोरीचा बागायतदार हे चटकन समजेल, कारण आपली वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमधे निघतात तेव्हा दिवसा ऊन असलं तरी जानेवारी फेब्रुवारीच्या रात्री गार असतात आणि त्या गारव्यामुळे मण्यात ॲसिड टिकतं. रात्र पण गरम राहिली तर मॅलिक ॲसिड भराभर जळून जातं, साखर वर चढत राहते, ब्रिक्सचा (रसातल्या साखरेचा) आकडा बघून वाटतं की माल तयार झाला, पण बी आणि साल अजून तयार नसते. त्यातून पाणी कमी पडलं की वेल स्वतःला वाचवायला पानांचं काम थांबवते, पिकणं अर्धवट अडकतं, आणि उन्हाच्या बाजूचे मणी सुकून मनुके व्हायला लागतात. म्हणजे एकाच घडात मनुका झालेला मणी आणि आतून कच्चं बी असलेला मणी शेजारी शेजारी. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या वर्षी युरोपियन युनियनने वाईनमधे ॲसिड घालायला खास सवलत दिली होती यावरून परिस्थितीचा अंदाज करा. बोर्डोत सगळ्यांचंच वाईट झालं असं अजिबात नाही, डाव्या तीरावर, उत्तर मेदोकमधे, सेंत एस्तेफ गावच्या चिकणमातीने पाणी धरून ठेवलं आणि माँत्रोज, कॉस देस्तुर्नेल, थोडं खाली पॉयाकमधे लातूर यांच्या २००३ ची आजही तारीफ होते. उजव्या तीरावर मर्लो जास्त, मर्लो लवकर पिकणारी, तिला उन्हाचा चटका जास्त बसला, खासकरून रेताड आणि खडीच्या जमिनीवर. पावीची चुनखडी आणि चिकणमाती ही या बाबतीत जमेची बाजू होती, आणि पार्करने आपल्या नोटमधे नेमकं हेच लिहिलंय की ही जमीन त्या भाजणाऱ्या उन्हाला तोंड द्यायला योग्य होती.

आता चाखणं कधी झालं ते बघा, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे. बोर्डोत पद्धत अशी की सप्टेंबर ऑक्टोबरमधे काढलेल्या द्राक्षाची वाईन पुढच्या वसंतात, साधारण मार्च अखेर ते एप्रिलमधे, पिंपातूनच नमुना काढून जगभरच्या समीक्षकांना चाखवायची. वाईन अजून बाटलीत जायला वर्षभराहून जास्त वेळ असतो. या नमुन्यांवर मार्क पडतात, मार्क बघून शातो भाव काढतात, आणि गिऱ्हाईक अजून तयारही न झालेल्या वाईनचे पैसे आगाऊ भरतं. याला ऑं प्रिमर म्हणतात. म्हणजे २००४ च्या वसंतात पार्कर आणि रॉबिन्सन यांनी जे चाखलं ते सहा-सात महिन्यांचं बाळ होतं, ओकची पॉलिश अंगावर, टॅनिन (साल आणि बियांतून येणारा तुरटपणा) अजून बसलेलं नाही. म्हणूनच पार्कर पिंपातल्या वाईनला एक आकडा न देता कंसात रेंज द्यायचा. पावी २००३ ची रेंज पंचाण्णवच्या घरात सुरू होऊन थेट १०० पर्यंत जात होती.

त्याने लिहिलं काय? शाईसारखा जांभळा रंग काठापर्यंत, वासात खनिज, काळी-लाल फळं, बाल्सामिक व्हिनेगर, ज्येष्ठमध, धूर, तोंडात जबरदस्त भरीवपणा आणि तरीही ताजेपणा. पेत्रुस आणि ओझोन या नामवंत घराण्यांच्या बरोबरीने त्या वर्षीच्या उजव्या तीरावरच्या सर्वोत्तम तिनांत त्याने हिला बसवलं. आणि त्याच नोटमधे तो स्वतःच सांगतो की ॲसिड कमी आहे आणि अल्कोहोल नेहमीपेक्षा जास्त, १३.५ टक्के.

रॉबिन्सनने लिहिलं की अतिपिकलेला वास, भूक मारणारा, पोर्टसारखा (पोर्तुगालची गोड, कडक वाईन) गोडवा, आणि पोर्टच प्यायची तर ती पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली चांगली, सेंत एमिलियोंची कशाला. पुढे म्हणाली की बोर्डोच्या रेडपेक्षा ही उशिरा तोडलेल्या झिनफांडेलची (कॅलिफोर्नियातलं काळं द्राक्ष) आठवण करून देते, आणि वर हिरवट कच्चेपणाचे नकोसे वास. तिचा शब्द होता हास्यास्पद वाईन.

आता दोन्ही नोटा शेजारी ठेवा. बाल्सामिक व्हिनेगर आणि ज्येष्ठमध हे वास द्राक्ष खूप जास्त पिकलं, थोडं सुकलं की येतात. पोर्ट आणि उशिराची झिनफांडेल, हे पण तेच. कमी ॲसिड आणि चढं अल्कोहोल पार्करने तोंडाने कबूल केलेलं, आणि तोंडात गोडसर लागण्याचं कारण पण तेच, साखर उरलेली नसली तरी अल्कोहोल आणि कमी ॲसिडमुळे जीभ गोड समजते. म्हणजे वर्णन एकच झालं की. फरक दोन ठिकाणी पडला. पार्करला ताजेपणा जाणवला, रॉबिन्सनला नाही. आणि रॉबिन्सनला हिरवटपणा जाणवला जो पार्करने लिहिला नाही. बरेच जण विचारतात की अतिपिकलेलं आणि कच्चं एकाच वेळी कसं असेल, बाईंनी काहीतरीच लिहिलं असणार, तर वर सांगितलेला तो घड आठवा, मनुका आणि कच्चं बी शेजारी शेजारी. तापलेल्या वर्षात हे दोन्ही एकत्र येणं अगदी नेहमीचं आहे, मी स्वतः आपल्याकडच्या शिराझमधे कितीदा तरी बघितलंय, एप्रिलपर्यंत माल वेलीवर लांबवला की वास जॅमचा आणि टॅनिन मात्र हिरवं, घशाशी खरखरणारं. त्यामुळे माझ्या मते तिची नोट तांत्रिकदृष्ट्या जास्त काटेकोर आहे. तिचा सूर बोचरा होता हे खरं, पण ज्या वर्षात हे घडलं त्या वर्षाची खूण तिने पकडली होती.

यावरून पार्कर चुकला असं म्हणाल तर तेही मला मान्य नाही. आंबा घ्या ना, काही लोकांना हापूस साल सुरकुतून मधासारखा झाल्यावरच खावासा वाटतो, आंबटपणाचा मागमूस नको असतो, आणि काहींना तो जरासा आंबट धागा नसेल तर आंबा खाल्ल्यासारखंच वाटत नाही. पार्कर पहिल्यातला. भरलेली, पिकलेली, तोंड व्यापणारी वाईन त्याला मनापासून आवडायची आणि त्याने ते कधी लपवलं नाही. हा मेरीलँडचा वकील, १९७८ साली वाईन ॲडव्होकेट हे नियतकालिक सुरू केलं, जाहिरात घ्यायची नाही, ग्राहकाच्या बाजूने लिहायचं असं ठरवून, आणि १९८२ च्या बोर्डोला त्याने जोरात उचलून धरलं तेव्हापासून त्याचं नाव झालं. त्याच्या आधी ब्रिटनमधले बरेच वाईन लिहिणारे स्वतःच वाईन विकायच्या धंद्यात असायचे, हे लोक सोयीने विसरतात. रॉबिन्सनचं म्हणाल तर ती १९८४ साली मास्टर ऑफ वाईन ही अवघड परीक्षा पास झाली, वाईनच्या धंद्याबाहेरची पहिलीच व्यक्ती, फायनान्शियल टाइम्समधे लिहिते, आणि तिला वाईनमधे जागा दिसायला हवी असते, म्हणजे बोर्डो प्यायल्यावर बोर्डो वाटायला हवी, जेवणाबरोबर दुसरा ग्लास घ्यावासा वाटायला हवा. दोन्ही अपेक्षा प्रामाणिक आहेत.

मार्कांबद्दल एक खूप महत्त्वाची गोष्ट, कारण आपल्याकडे हमखास गैरसमज होतो. २० पैकी १२ म्हणजे ६० टक्के, फर्स्ट क्लास, म्हणजे बरीच की, असं आपण शाळेच्या सवयीने धरतो. रॉबिन्सनच्या स्केलवर १२ म्हणजे तळ. तिच्याकडे १५ सर्वसाधारण, १४ म्हणजे कंटाळवाणी, १३ सदोषपणाच्या उंबरठ्यावर, आणि १२ म्हणजे सदोष किंवा तोल गेलेली. पुढे १६, १७, १८ अशी खरी चांगली वाईन सुरू होते. आणि पार्करच्या शंभराच्या स्केलवर सुरुवातच ५० पासून होते, म्हणजे काहीही न करता प्रत्येक वाईनला ५० मिळालेले, ८० ते ८९ चांगली, ९० ते ९५ उत्कृष्ट, ९६ च्या वर असामान्य. त्यामुळे १२ ला पाचाने गुणून तुलना करू नका. पार्करचं म्हणणं होतं की ही जगातल्या सर्वोत्तम वाईनपैकी आहे, रॉबिन्सनचं म्हणणं होतं की हिचा तोलच गेलाय. दरी तेवढी मोठी होती.

पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पार्करने जाहीरपणे लिहिलं की माझ्या जिभेला ही तशी अजिबात लागत नाही आणि रॉबिन्सनचा पेर्सच्या पावींवर आधीपासून राग आहे, रॉबिन्सनने उलट विचारलं की मला माझं मत असू नये का. ब्रिटनचे वाईन लेखक क्लाइव्ह कोट्स तर म्हणाले की ज्याला ही वाईन चांगली वाटते त्याने मेंदू आणि जीभ दोन्ही बदलून घ्यावी. माझ्या मते हे बोलणं वाईनबद्दल काहीच सांगत नाही आणि त्याने चांगल्या वादाचा दर्जा खाली आला. खरा मुद्दा वेगळा आणि गंभीर होता. पार्करचा आकडा बघून भाव ठरत होते, त्यामुळे बोर्डोच्या उजव्या तीरावर बरेच जण पार्करला आवडेल अशी वाईन बनवायला लागले होते, उशिरा तोडणी, जास्त अर्क काढणं, नवीन ओक, आणि भीती अशी होती की सगळ्या गावांच्या वाईन एकसारख्या होत जातील. त्या काळात पावी हे या भीतीचं नाव बनलं. २००३ च्या उन्हाने त्या स्टाईलला अशा टोकाला नेलं की मत देणं टाळताच येईना.

पावीचं पुढे नुकसान झालं म्हणाल तर नाही. २०१२ च्या सेंत एमिलियोंच्या वर्गवारीत तिला सर्वात वरचा प्रीमिये ग्रां क्रू क्लासे ए हा दर्जा मिळाला, आंजेल्युस या शेजारच्या घराण्याबरोबर. २०२२ च्या वर्गवारीतून ओझोन, शवाल ब्लां आणि आंजेल्युस ही घराणी बाहेर पडली, त्या वरच्या पायरीवर पावी आणि नव्याने आलेली फिजाक राहिली.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. एवढ्या वर्षांत ते ओकचं पॉलिश आणि बाळपणाची चरबी विरघळलेली असणार, आणि समीक्षक ज्यावर भांडले तो पिंपातला नमुना तुमच्या ग्लासात येणारच नाहीये. पार्करने तिच्यासाठी २०११ ते २०४० असा काळ सांगितला होता, पण माझं मत त्याहून सावध आहे. कमी ॲसिडची वाईन म्हातारी होते तेव्हा फळ आधी ओसरतं आणि मागे अल्कोहोल आणि कोरडं टॅनिन उरतं, ॲसिडचा कणा असेल तर ती घसरण सावकाश होते, इथे तो कणा बारीक आहे. त्यात बाटली लंडनहून विमानाने आली, आता इथे घरात कपाटात असेल, आणि आपला एप्रिल मे म्हणजे असल्या बाटलीला शिक्षाच. एसी नसलेल्या खोलीत एक उन्हाळा जरी काढला तरी जे २००३ मधे वेलीवर झालं त्याचा उरलेला भाग बाटलीत होईल. वाईनचा फ्रिज नसेल तर ठेवायचा विचारही करू नका.

उघडायच्या आधी बाटलीच्या मानेत वाईनची पातळी बघा, मानेत असेल तर उत्तम, खांद्याच्या खाली उतरली असेल तर हवा शिरलेली असू शकते. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसतो, या वर्षाच्या दाट वाईनला गाळ भरपूर असतो. बूच जुनं आहे, साधा स्क्रू घातला तर मधूनच तुटेल, दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर तो वापरा, बूच आणि काच यांच्यामधे पाती हलवत हलवत घालायची आणि पिळत वर ओढायचं. मग हळूहळू, खाली उजेड धरून डिकँटरमधे (वाईन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्यात) ओता, गाळ मानेशी आला की थांबा. डिकँटरमधे तासनतास ठेवू नका, अर्धा पाऊण तास पुरे, कारण म्हातारी वाईन हवेत पटकन पडते.

तापमानाचं फार महत्त्वाचं आहे. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी हे युरोपातल्या थंड घरांसाठी सांगितलेलं, पुण्या-मुंबईच्या तीस अंशांच्या खोलीत हीच वाईन खरंच पोर्टसारखी लागेल आणि तुम्ही उगाच रॉबिन्सनच्या बाजूने मत द्याल. डिकँट करायच्या आधी बाटली साधारण दोन तास फ्रिजमधे उभीच ठेवा, १६ ते १७ अंशावर ग्लासात आली पाहिजे.

चाखताना दोन्ही नोटा बाजूला ठेवा. पहिला घोट घेतल्यावर तोंडाला पाणी सुटतंय का ते बघा, सुटलं तर पार्करला जो ताजेपणा लागला तो अजून शिल्लक आहे. गिळल्यावर घशात ऊब राहते की जळजळ, हिरड्यांवर टॅनिन मखमली बसतं की खरखरतं, वासात खजूर मनुके जास्त की ताजं प्लम, आणि मुख्य म्हणजे ग्लास संपल्यावर दुसरा घ्यावासा वाटतोय का. हे सगळं स्वतःच्या शब्दात कागदावर लिहा आणि मग दोघांच्या नोटा वाचा. ज्याच्याशी तुमचं जास्त जुळेल त्याचे मार्क तुम्हाला पुढच्या खरेदीत उपयोगी पडतील, निदान या स्टाईलच्या वाईनसाठी, दुसऱ्याचेही पडतील पण उलटे, म्हणजे त्याने शिव्या घातलेली बाटली तुम्ही बिनधास्त घ्यायची.

जेवणात कोल्हापुरी तांबडा पांढरा किंवा झणझणीत रस्सा यांच्यासोबत अजिबात उघडू नका, तिखट आणि चढं अल्कोहोल एकत्र आलं की तोंडात नुसती आग होते आणि वाईनमधलं बाकी काही कळत नाही. मटण भाजून, मिरे आणि लसूण, मिरची जवळजवळ नाही, वर थोडं तूप, असं काहीतरी करा. शाकाहारी असाल तर मश्रूम लोण्यात चांगले तपकिरी होईपर्यंत परतून. चौघांत एक बाटली पुरते, आणि ती त्याच संध्याकाळी संपवा, दुसऱ्या दिवशी हिच्यात काही राहत नाही.